बिलाच्या कागदावरचा फोटो: विनाफिल्म इन्स्टंट कॅमेऱ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर सायकली ठेवायची एक खोली आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे चार-सहा मुलं आणि साधारण तेवढेच हौशी पालक जमतात आणि आम्ही कॅमेरे बनवतो. बटण दाबलं की दुकानातल्या बिलासारखी पट्टी सरकत बाहेर येते आणि तिच्यावर तुमचा चेहरा असतो. तेच ते प्रश्न इतक्या वेळा आले, की शेवटी एकदाच सगळं लिहून काढलं. इथे उत्तर असलेला प्रश्न दुपारी फोन करून विचारल्यास हेच पान पाठवण्यात येईल.

फिल्म नाही, शाई नाही. मग फोटो उमटतो कशाने?

उष्णतेने. शाईचं काम कागदच करतो. थर्मल कागदावर पातळ लेप असतो. त्यात एक बिनरंगी रसायन आणि एक सौम्य आम्ल शेजारी शेजारी, पण वेगवेगळं बसलेलं असतं. चटका लागला की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि बिनरंगी होतं ते काळं पडतं. प्रिंटरच्या हेडवर एका ओळीत ३८४ बारीक तापणारे ठिपके असतात, एका मिलिमीटरला ८. रबरी रूळ कागद पुढे ढकलतो आणि हेड ओळीमागून ओळ चटके देत जातं.

हा कागद तुम्ही रोज हाताळता. पीएमपीच्या कंडक्टरच्या यंत्रातून निघणारं तिकीट, एटीएमची चिठ्ठी, पेट्रोलपंपाची पावती, सगळं याच जातीचं. खात्री करायची असेल तर पावतीवर नख जोरात ओढा. काळी रेघ उठली तर कागद थर्मल आहे आणि ती बाजू लेपाची आहे. रोल उलटा बसवला तर प्रिंटर गुणगुणत कोरा कागद बाहेर टाकतो. दर बॅचमध्ये एकाचं तरी असं होतंच, आणि तो आधी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

म्हणजे पोलरॉइड म्हणतात तोच ना?

नाही. पोलरॉइड हा रसायनांचा खेळ. पोलरॉइड कंपनीचा संस्थापक एडविन लँड, त्याच्या लहान मुलीने १९४३ साली सुट्टीत त्याला विचारलं, की काढलेला फोटो लगेच का बघता येत नाही? लँडने १९४७ च्या फेब्रुवारीत झटपट छायाचित्रणाचं प्रात्यक्षिक दिलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विकायला ठेवला. त्यात फिल्म असते आणि प्रकाश थेट तिच्यावर पडतो. २००८ मध्ये पोलरॉइडने ती फिल्म बनवणं थांबवलं. पुढे इतरांनी ती परत सुरू केली. फूजीचा इन्स्टॅक्स १९९८ चा, तोही फिल्मवालाच.

आपला कॅमेरा खरं तर डिजिटल कॅमेरा आहे, प्रिंटर पाठीवर घेऊन फिरणारा. याचे पूर्वज शोधायचे तर १९९८ मध्ये निन्टेन्डोने गेम बॉयसाठी काढलेला कॅमेरा आणि त्याचा चिमुकला प्रिंटर बघा. चित्र १२८ × ११२ ठिपक्यांचं, राखाडीच्या चार छटा, आणि छपाई थर्मल. आज आपण जे करतो ते तेव्हा एका खेळण्यात होऊन गेलंय. एवढ्या वर्षांत फरक पडला तो इतकाच, की आता आपण ते घरी जुळवू शकतो.

रंगीत फोटो येईल का?

बिलाच्या कागदावर नाही. रंग हवा असेल तर झिंक (म्हणजे झीरो इंक, बिनशाईच्या) कागदाचे कॅमेरे बघा. ते तंत्र पोलरॉइडमध्येच जन्मलं आणि २००५ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. त्या कागदात पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन थर असतात. जास्त ताप पण क्षणभर दिला तर वरचा पिवळा जागा होतो, कमी ताप पण जास्त वेळ दिला तर तळचा निळसर. तव्यावर पापड आणि धिरडं यांना जसा वेगळा विस्तव लागतो, तसंच. फोटो २ × ३ इंचांचा, मागे चिकट. कागद महाग आणि त्याच प्रकारचा लागतो, त्यामुळे मुलं मोजून मापून फोटो काढायला लागतात. मला नेमकं तेच नको असतं.

फोटो दिसतो कसा? खरं सांगा.

फॅक्ससारखा. पण नीट केला तर फार देखणा.

अडचण अशी, की थर्मल हेडला दोनच गोष्टी येतात: ठिपका काळा करणं, नाहीतर सोडून देणं. राखाडी त्याला ठाऊकच नाही. मग गालावरची सावली दाखवायची कशी? जुन्या वर्तमानपत्रातला कृष्णधवल फोटो डोळ्यांजवळ न्या. सगळे काळे ठिपकेच दिसतील, कुठे दाट, कुठे विरळ. हात लांब केला की त्याच ठिपक्यांची सावली होते. आपल्याला हेच करायचंय, फक्त कुठला ठिपका ठेवायचा आणि कुठला गाळायचा हे प्रोग्रॅमने ठरवायचं. याला डिदरिंग म्हणतात.

सगळ्यात प्रसिद्ध पद्धत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची, १९७६ ची. समजा, किराणा दुकानात ९७ रुपये झाले. तुम्ही शंभरची नोट दिली. सुट्टे नाहीत, म्हणून दुकानदार म्हणतो, "तीन रुपये पुढच्या बिलात वळते करतो." इथेही तसंच. प्रत्येक ठिपका पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा करून टाकायचा आणि त्यात जितकी चूक झाली ती शेजाऱ्यांच्या खात्यावर चढवायची. चुकीची वाटणी सोळा भागांत होते: उजव्या शेजाऱ्याला ७, खालच्या ओळीत डावीकडच्याला ३, बरोबर खालच्याला ५ आणि उजवीकडच्याला १. एकदा नातवाला घ्यायला आलेले आजोबा हे ऐकत दारात उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे रुपयाचे सोळा आणेच की!" तेव्हापासून मी हे आण्यांतच शिकवतो. मुलांना आणे ठाऊक नसतात, पण घरी जाऊन आजीला विचारतात आणि पुढच्या वेळी पक्कं करून येतात.

दुसरी पद्धत बिल अ‍ॅटकिन्सनची. अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकिंटॉशमागच्या मंडळींपैकी हा एक. तो जरा उदार आहे. चुकीच्या आठ भागांपैकी सहाच वाटतो, दोन सोडून देतो. म्हणजे रुपयामागे पावली माफ. त्यामुळे उजळ भाग अधिक उजळ राहतो, गडद अधिक गडद होतो आणि चेहरा उठून दिसतो. माणसांना मी हीच लावतो. झाडं, भिंती, पर्वतीच्या पायऱ्या असल्या बारकाव्याच्या गोष्टींना फ्लॉइड-स्टाइनबर्ग बरी. तिसरी पद्धत कोडॅकच्या ब्राइस बायरची. तिच्यात ठिपक्यांची जाळी आधीच ठरलेली असते, रांगोळीच्या कागदासारखी. फोटोवर विणल्यासारखी नक्षी दिसते. काहींना ती फार आवडते, मला एकदा-दोनदाच.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. कागदावर ठिपका थोडा पसरतो, त्यामुळे पडद्यावर छान दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो. डिदरिंगच्या आधी चित्र बऱ्यापैकी उजळ करा, इतकं की पडद्यावर पांढुरकं वाटेल. आणि माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. खिडकीकडे पाठ असेल तर डांबराचा गोळा छापला जातो.

खेळण्यातला विकत घ्यावा की घरी बनवावा?

मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर विकत घ्या. दहाच्या पुढचं असेल तर एकत्र बनवा. मधल्यांचं तुम्ही बघा.

विकत घेताना खोक्यावरच्या मेगापिक्सेलकडे बघू नका. छापला जाणारा फोटो ३८४ ठिपके रुंद आणि समजा ५१२ उंच. गुणाकार केला तर दोन लाखांच्याही आत, म्हणजे ०.२ मेगापिक्सेल. खोक्यावर ४८ लिहिलेलं असलं तरी कागदावर तेवढंच उतरणार. त्याऐवजी रोल बघा. बाजारात मिळणारा ५७-५८ मिलिमीटर रुंदीचा साधा रोल बसत असेल तर घ्या. कंपनीचाच खास रोल लागत असेल तर दुसऱ्या महिन्यात कॅमेरा माळ्यावर जातो. रोलची जाडीही बघा, कारण दुकानदार वापरतात तो जाडजूड रोल या कॅमेऱ्यांच्या पोटात मावत नाही. तो सोडवून पेन्सिलीवर थोडा थोडा गुंडाळून घ्यावा लागतो. हे काम मुलं आनंदाने करतात. आपण केलं तर मान धरते.

१४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते बघून घ्या. आत लिथियम बॅटरी असते, त्यामुळे हा सोपस्कार नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत चार-पाच गेमही घातलेले असतात. ते नसलेला मिळाला तर उत्तम, कारण गेम असले की फोटो निघत नाहीत.

घरी बनवायला काय काय लागतं?

कॅमेरा, छोटा संगणक, प्रिंटर, बॅटरी, एक बटण, एक डबा. वाटा तीन आहेत.

पहिली वाट रास्पबेरी पाय झीरोची. हा एका छोट्या पट्टीवरचा संगणक, पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो. यावर लिनक्स ही पूर्ण संगणकप्रणाली चालते, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पंधरा-वीस ओळींत काम होतं, आणि चित्रावर हवे ते प्रयोग करता येतात. तोटा: चालू केल्यावर तयार व्हायला अर्धा मिनिट घेतो. शिवाय झीरोचं कॅमेऱ्याचं तोंड पाय ४ पर्यंतच्या मोठ्या बोर्डांपेक्षा लहान असतं. कॅमेऱ्यासोबत आलेली रुंद पट्टीची केबल त्यात बसत नाही, वेगळी निमुळती केबल घ्यावी लागते. ही केबल विसरल्यामुळे आमच्याकडे एक अख्खा रविवार बटाटेवडे खाण्यात गेला.

दुसरी वाट ईएसपी-३२ कॅमची. इवलासा बोर्ड, त्यावरच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा. स्वस्त, आणि एक-दोन सेकंदांत जागा होतो. पण बहुतेक बोर्डांना यूएसबीचं तोंड नसतं. प्रोग्रॅम चढवायला वेगळा जोड लागतो आणि चढवताना शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या पिनेला, टेकवून ठेवावी लागते. पिना मोजक्याच, त्यातही मेमरी कार्ड बऱ्याच अडवतं. कार्ड वापरायचं नसेल तर त्या मोकळ्या होतात.

तिसरी वाट आळशी लोकांची, आणि मी ती नि:संकोच सुचवतो. मांजराच्या तोंडाचे ब्लूटूथ मिनी प्रिंटर मिळतात, मुलं वह्यांत चिकटवायला चिठ्ठ्या छापतात ते. त्यांची सांकेतिक भाषा हौशी मंडळींनी उलगडून मोफत प्रोग्रॅम लिहिलेत. पाय झीरोला कॅमेरा लावा, प्रिंटर बिनतारी जोडा. बॅटरी, चार्जिंग, कागद कापायचे दाते, सगळं प्रिंटरचं त्याच्यापाशी. निम्मी डोकेदुखी वाचते.

पहिल्या दोन वाटांवर तुम्हाला ५८ मिलिमीटरचा उघडा थर्मल प्रिंटर लागेल. हे बहुधा एप्सनने बिलांच्या प्रिंटरसाठी घडवलेली ईएससी-पीओएस ही भाषा समजतात, त्यामुळे तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, मिळते. जोडताना एक पथ्य पाळा: प्रिंटरकडून येणारी तार पायला जोडूच नका. ती ५ व्होल्टची असू शकते आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. फोटो छापायला एकतर्फी बोलणं पुरतं.

सामान पुण्यात कुठे मिळतं?

तारा, बटणं, बॅटरीचे सेल, व्होल्टेज कमी-जास्त करायचे मॉड्यूल यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गाडी लांब लावा आणि चालत जा. यादी नुसत्या शब्दांत न लिहिता आकड्यांसकट लिहा: किती व्होल्ट, किती अँपिअर. नुसतं "छोटं बटण द्या" म्हणालात तर समोर चाळीस प्रकार येतील. पायचे बोर्ड आणि कॅमेरे मी ऑनलाइनच घेतो. रोल अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत किंवा कुठल्याही बिलिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात.

जुन्या बाजाराचं सगळेच विचारतात. बुधवारी आणि रविवारी तिथे जुने बिल-प्रिंटर दिसतात, मोह होतो. मीही एक उचलून आणला होता. घरी आल्यावर कळलं, तो ८० मिलिमीटरचा आहे आणि २४ व्होल्टवर चालतो. पाठीवर बॅटरी बांधून फिरायची तयारी असेल तरच घ्या. माझा सध्या दाराला टेकण म्हणून उत्तम चालतोय.

फोटो अर्धा छापून कॅमेरा बंद पडतो. प्रोग्रॅम चुकला का?

प्रोग्रॅम बहुतेक वेळा निर्दोष असतो. वीज पुरत नाही. शंभरातल्या नव्वद तक्रारींचं उत्तर हेच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

थर्मल हेड म्हणजे एका ओळीतल्या ३८४ शेगड्या. फोटोत गडद भाग आला की एकाच वेळी पुष्कळ शेगड्या पेटतात आणि प्रिंटर दीड-दोन अँपिअर ओढतो. लॅपटॉपचं साधं यूएसबी अर्धा अँपिअर देतं. मग व्होल्टेज खाली बसतं, संगणक गटांगळी खाऊन पुन्हा सुरू होतो आणि प्रिंटर मध्येच अडतो, नाहीतर चिनी-जपानी वाटावीत अशी अक्षरं ओकायला लागतो. ओळखायची खूण सोपी: पांढऱ्या भिंतीचा फोटो नीट छापला जातो आणि काळ्या शर्टातल्या काकांचा मध्येच तुटतो. असं झालं की खुशाल बॅटरीवर संशय घ्या.

उपाय असा. १८६५० जातीचे दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडा, ७.४ व्होल्ट मिळतात. हे छोटे प्रिंटर ५ ते ९ व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्याला ते थेट द्या. संगणकासाठी त्यातूनच वेगळ्या मॉड्यूलने ५ व्होल्ट करा. प्रिंटरच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, घरातल्या पिंपासारखा. नळाची धार बारीक झाली तरी पिंपातलं पाणी वेळ निभावून नेतं. तारा जाड घ्या. आणि दोन्हीकडची ग्राउंडची तार एकत्र जोडलेली आहे ना, हे बघा. ती नसली तर काहीच कळत नाही आणि रात्र जाते.

सेलसोबत संरक्षक सर्किट घ्यायचंच. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरायचा सल्ला तुम्हाला नेटवर मिळेल. मुलांच्या कॅमेऱ्यात ते मी घालत नाही. पॉवर बँक चालते, पण काही पॉवर बँका कमी वीज ओढली जातेय असं दिसलं की आपण होऊन झोपी जातात. नेमका फोटो काढायची वेळ येते तेव्हा कॅमेरा मेलेला असतो.

एक फोटो यायला अर्धा मिनिट लागतो. प्रिंटर खराब आहे का?

तार हळू बोलतेय. हिशेब करा. आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपक्यांचे ४८ बाइट. ५१२ ओळींचे झाले २४,५७६ बाइट. बॉड हे तारेच्या बोलण्याच्या वेगाचं माप. ९६०० बॉड वेगाने सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे पंचवीस सेकंदांच्या वर. १९,२०० केलात तर त्याच्या निम्मे. प्रिंटरला १,१५,२०० चालत असेल तर दोन-अडीच सेकंदांत सगळं पोचतं आणि मग हेडच्या वेगाने काम होतं. बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की बहुतेकांच्या चाचणी-पट्टीवर त्याचा वेग छापून येतो. त्या चाचणीसाठी रोल बसवलेला असावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

खरं म्हणजे हळू येणारा फोटो मला वाईट वाटत नाही. आधी केस, मग कपाळ, मग चष्मा. घोळका करून उभी असलेली पोरं "नाक आलं, नाक आलं" म्हणून ओरडतात.

डबा कशाचा करावा?

पुठ्ठ्याचा. लग्नपत्रिकेसोबत सुका मेवा येतो ती जाड खोकी सर्वांत छान. कापायला सोपी, मजबूत, वर सोनेरी गणपतीही असतो. पोळीचा स्टीलचा डबा कॅमेऱ्यासारखा दिसतो म्हणून पुष्कळांना सुचतो. आम्ही करून पाहिला. बोर्डाची पाठ डब्याला टेकली आणि शॉर्ट झालं. तेवढं सावरलं, तर बंद स्टीलमधून वायफायच बाहेर येईना. त्या डब्यातून आता पुन्हा पोळ्या जातात.

फोटो किती दिवस टिकतो?

कुठे ठेवता त्यावर आहे. वहीत, अंधारात, थंड जागी काही वर्षं. खिडकीतल्या उन्हात काही आठवडे. पाकिटात घामाने आणि घर्षणाने हळूहळू. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर एका दुपारीत काळा.

शत्रूंची यादी: ऊन, ताप, तेल, हाताला लावायचं सॅनिटायझर, आणि मऊ प्लॅस्टिकची पाकिटं. शेवटचं लोकांना पटत नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते कागदावर उतरतं आणि फोटो पुसट करतं. म्हणजे जपायला म्हणून ज्यात ठेवला तेच त्याला खातं. अल्बम हवा तर कागदी कोपऱ्यांचा घ्या. गोंदही बेताने, फक्त कडेला.

लॅमिनेशन कधीही करू नका. माझ्या मुलीचा पहिला फोटो मी मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करायला दिला. दुकानदाराने विचारलं होतं, "काका, हा बिलाचा कागद आहे ना?" मी म्हणालो, टाका हो आत. दुसऱ्या बाजूने चकचकीत, सुबक, संपूर्ण काळा आयत बाहेर आला.

गणपतीत आमच्या मुलांनी मांडवात कॅमेरा लावला होता, येईल त्याला फोटो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी नातवंडांसोबतचा आपला फोटो देव्हाऱ्यात समईला टेकवून ठेवला. संध्याकाळी निम्मा फोटो काळा. आजी माझ्याकडे आल्या ते दृष्ट काढायची का विचारायला. मी त्यांना रसायनशास्त्र समजावलं, त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, दुसरा फोटो काढून घेतला आणि दृष्टही काढली.

जपायचाच असेल तर सोपा मार्ग सांगतो: झेरॉक्स काढा. वॉरंटीची बिलं आपण अशीच जपतो. झेरॉक्समध्ये शाईची भुकटी कागदावर भाजून बसवलेली असते, ती उडत नाही. ठिपक्यांचा फोटो झेरॉक्समध्ये येतोही सुरेख, कारण त्यात आधीच फक्त काळं आणि पांढरं असतं.

हा कागद मुलांच्या हातात देणं योग्य आहे का?

प्रश्न रास्त आहे. लेपातलं ते आम्ल पुष्कळदा बिस्फिनॉल जातीचं असतं. त्यातल्या बीपीए या रसायनावर युरोपीय संघाने थर्मल कागदापुरती जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली. त्याच्या जागी काही जण बीपीएस वापरतात, ते त्याचंच भावंड. म्हणून 'बीपीएमुक्त' एवढ्यावर न थांबता 'बिस्फिनॉलमुक्त' लिहिलेले रोल शोधा. मिळतात, थोडे महाग पडतात. आमच्या खोलीत तेच असतात. कागद तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांना फोटो देऊ नका. बाकीच्यांनी खाण्याआधी हात धुवावेत. हाताला तेल किंवा सॅनिटायझर असताना कागद चोळू नका, त्याने रसायन कातडीत जास्त शिरतं. आणि रद्दीत हा कागद घालू नका, त्यातलं रसायन पुढच्या कागदात उतरतं.

हेड गरम असतं, कागद कापायचे दाते धारदार. या दोन्ही गोष्टी मुलांच्या बोटांना एकदा समजावून सांगितल्या की पुरतं.

एका फोटोला खर्च किती?

१५ मीटरचा रोल तीस रुपयांना पडला असं धरा. फोटो ६४ मिलिमीटर आणि वर-खाली मोकळी जागा, मिळून ८ सेंटिमीटर. एका रोलमध्ये १८७ फोटो, म्हणजे फोटोला सोळा पैसे. इन्स्टॅक्सच्या एका फिल्मला पन्नास रुपयांच्या पुढेच जातात.

प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही. चालेल?

चालेल. दुसऱ्याचा प्रोग्रॅम चढवायला टंकलेखन आलं तरी पुरे.

वीज, सर्किट काहीच नको. तरी विनाफिल्म झटपट फोटो काढता येईल?

येईल, आणि हा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. पूर्वी जत्रांत, कचेऱ्यांबाहेर मिनिट कॅमेरेवाले बसायचे. अफगाणिस्तानात त्याला कामरा-ए-फौरी म्हणतात. तिपाईवर एक लाकडी पेटी, आणि पेटीच्या आतच अंधारखोली. फिल्मऐवजी फोटोचा कागदच भिंगासमोर लावायचा. बाहीतून हात आत घालून, आतल्या दोन थाळ्यांत तो धुवायचा. कागदावर उलटं चित्र येतं: गोरा काळा, काळा गोरा. आता गंमत. तो ओला उलटा कागद भिंगासमोरच्या फळीवर लावायचा आणि त्याचाच पुन्हा फोटो काढायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलट. फोटो तयार.

कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून त्या फोटोंत कुंकू काळं ठसठशीत उमटतं. कागद मंद असतो, माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागतं. जुन्या फोटोंतले लोक इतके गंभीर का, याचं थोडं उत्तर त्यात आहे. सुरुवात सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्याने करा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी करायची जी परंपरा घातली, तिच्यात असली कितीतरी खेळणी सापडतील.

मोबाइल असताना हे सगळं कशाला?

हा प्रश्न दर वेळी कोणाचे तरी बाबा विचारतात, हाताची घडी घालून.

मोबाइलमध्ये माझ्या मुलीचे काही हजार फोटो आहेत. ते मी कोणाला दिले? पाठवले पुष्कळांना. दिले कोणालाच नाहीत. हा कॅमेरा हातात आला की मुलं पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचे फोटो काढतात, आणि मग वाटत सुटतात. इस्त्रीवाले दादा, भाजीच्या गाडीवरच्या मावशी, शाळेच्या रिक्षाचे काका. फोटो सोळा पैशांचा, म्हणून देताना कोणी हात आखडत नाही, आणि घेणाराही "कशाला, कशाला" म्हणत नाही. आमच्या वॉचमनकाकांनी आपला फोटो घडी न घालता वर्तमानपत्रात ठेवून गावी नेला. परत आले तेव्हा म्हणाले, आई तो रोज बघते, पण पुसट व्हायला लागलाय, दुसरा मिळेल का? मुलांनी सहा काढून दिले.

अनोळखी लोकांचे काढावेत का?

आधी विचारा. मुलांना हे जमतं, मोठ्यांना शिकवावं लागतं. नाही म्हणाले तर पुढे व्हा. हो म्हणाले तर फोटो त्यांचा, आपण ठेवायचा नाही.

पावसाळ्यात काही त्रास?

कागद दमट होऊन रुळाला चिकटतो, फिकट छापतो. रोल हवाबंद डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवा. हेडवर काजळी धरली असेल तर प्रिंटर बंद करून, गार झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने हलके पुसा. फोटोत उभी पांढरी रेघ येत असेल तर आधी हेच करून बघा.

आम्हाला यायचंय. येताना काय आणायचं?

जाड पुठ्ठ्याचं एक खोकं, कात्री, आणि ज्याला फोटो द्यायचा असेल असं कोणीतरी. वडे आम्ही आणतो. स्टीलचा डबा आणू नये.